नऊ किलोचा रिसीव्हर आणि गिळलेला आवाज

शेवटी महाराजांचे पुढचे दोन दात पडले, सासऱ्यांच्या चष्म्याची एक काच फुटली आणि दिवाणखान्यातला एक स्पीकर तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून निघून खाली उभ्या असलेल्या स्कूटरच्या सीटवर जाऊन बसला.

पण हे काहीच झालेलं नाही. पंचनाम्यात तसं स्पष्ट लिहिलं आहे: 'घरगुती करमणुकीचा कार्यक्रम शांततेत पार पडला. कोणाची तक्रार नाही.' खाली पाच सह्या आहेत. त्यातली एक खुद्द महाराजांची, आणि सही करताना त्यांनी तोंडाला रुमाल धरला होता तो केवळ सर्दीमुळे. सरकारी कागदाशी भांडायची आपली छाती नाही. तेव्हा दात जागच्या जागी आहेत असं धरून सुरुवात करू.

रविवार, दुपारचे चार. दिवाणखान्यात त्रेचाळीस माणसं कोंबली होती. समोर भिंतभर टीव्ही, त्यावर सिनेमा. सिनेमातला नायक हॉटेलच्या गच्चीवर उभा राहून कुणाला तरी काहीतरी फार महत्त्वाचं सांगत होता. काय, ते कळत नव्हतं. त्याच्या बुटांचा आवाज येत होता, ग्लासातल्या बर्फाचा येत होता, लांब कुठेतरी भुंकणारं कुत्रं थेट सोफ्यामागून भुंकत होतं. फक्त नायक तेवढा माशासारखा तोंड उघडत-मिटत होता.

"बघा!" शाल पांघरलेले नादमहाराज गरजले. "बुटाला आवाज आहे. कुत्र्याला आवाज आहे. माणसाला नाही! कुठे गेला मुखनाद?"

"सुनेच्या पोटात!" त्रेचाळीस माणसं एका सुरात म्हणाली. तिसरा रविवार होता, सगळ्यांचं पाठांतर झालं होतं.

सून खोलीच्या मधोमध स्टुलावर, टीव्हीकडे पाठ करून बसली होती. तिला गर्दीकडे तोंड करून बसवायची पद्धत महाराजांनी पाडली होती. तिच्या समोर तिचा नवरा शर्टाच्या बाह्या दुमडून उभा.

"हाणा," महाराज डोळे मिटून म्हणाले.

नवऱ्याने हाणली. डाव्या कानशिलावर. खोलीभर खाडकन आवाज झाला आणि त्याच क्षणी टीव्हीतून नायक खणखणीत ओरडला, "...आणि हे सगळं मी तुमच्या मुलीसाठी करतोय!"

गर्दीतून "अहाहा" उठलं. एका आजीबाईंनी डोळे पुसले. दहा-बारा वाक्यं नीट ऐकू आली, मग नायकाचा आवाज पुन्हा विझला.

"परत गिळला," महाराज म्हणाले. "हाणा."

नवरा वाकून पुटपुटला, "मला काय हौस आहे का गं? पण आवाज येतोय ना!" आणि हाणली. आवाज आला. सूनबाईच्या डाव्या कानात आता एक बारीक शिट्टी वाजत होती. साधारण चार हजार हर्ट्झ, तिने मनात नोंद केली. तिचा धंदाच तो होता. कानवाल्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात ती लोकांचे कान तपासत असे.

अकराव्या थपडेनंतर सिनेमा संपला. महाराजांनी डोळे उघडले आणि जाहीर केलं, "आता मुळावर घाव. पुढच्या रविवारी दोन्ही कानांवर एक्कावन्न. जमलेल्या प्रत्येकाने एकेक, उरलेल्या घरच्यांनी."

लोक जाताना एकमेकांना विचारत होते, "तुमचा नंबर कितवा?"

आता हे असं का, तर त्याचं मूळ वजनात आहे.

सासरे वजनमापे खात्यात निरीक्षक होते. तीस वर्षं त्यांनी बाजारातल्या तराजूंचे पासंग पकडले. निवृत्त झाल्यावर होम थिएटर घ्यायचं ठरलं, तेव्हा ते दुकानात गेले आणि तिथले सगळे रिसीव्हर त्यांनी एकेक करून उचलून बघितले. रिसीव्हर म्हणजे मधलं मुख्य खोकं. टीव्हीचा आवाज त्यात जातो आणि तिथून कोणता आवाज कोणत्या स्पीकरला द्यायचा याची वाटणी होते. त्याच्यात काय काय आहे हे सांगायला विक्रेत्याने तोंड उघडलं, तर सासरे म्हणाले, "तू बोलू नकोस, मला हाताला कळतं." नऊ किलोचा निवडला. "जड आहे म्हणजे आत माल आहे."

"साहेब, याला पाच स्पीकर लागतात," विक्रेता म्हणाला. "समोर डावा, उजवा, मागे दोन आणि एक मधला."

"मधला कशाला?"

"तो टीव्हीखाली. त्याच्यातून..."

"माणसाला कान किती?"

"दोन."

"मग चार म्हणजे दुप्पट झाले. पाचवा कुठं लावतोस, बेंबीला?"

दुकानात हशा पिकला. पाचवा स्पीकर दुकानातच राहिला. बसवायला जो फिटर आला त्याने घाईघाईत चार वायरी जोडल्या, सेटिंग मात्र कारखान्यातून आलेलं पाच स्पीकरांचंच ठेवलं, आणि निघून गेला. त्याच संध्याकाळपासून घरातला टीव्ही मुका झाला. म्हणजे मारामारी चोख ऐकू यायची, काचा फुटायच्या, गोळ्या कानाजवळून जायच्या. बोलणं तेवढं गायब.

फिटरला परत बोलावलं. त्याने खोक्याच्या पाठीमागे एकदा डोकावलं आणि त्याला चूक कळली. पण समोर सासरे छडी घेऊन उभे होते. म्हणाले, "नऊ किलोच्या यंत्रात दोष असूच शकत नाही. म्हणजे दोष तुझ्यात आहे. बोल!"

छडी बघून फिटरच्या तोंडून निघून गेलं, "साहेब, दोष माझ्यात नाही. दोष... दोष घरात आहे."

आणि छडी खाली आली. फिटरला आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या आदराने कुणीतरी खुर्ची दिली. बसल्यावर माणसाला सुचतंच. तो म्हणाला, "नाद पाच असतात. डावा, उजवा, मागचा डावा, मागचा उजवा आणि मुखनाद. तुमच्या घरी चार आहेत. पाचवा कुणीतरी गिळलाय. घरात सगळ्यांत कमी कोण बोलतं?"

सगळी बोटं एकाच दिशेला गेली.

"काम काय करते?"

"एका बंद खोलीत बसते," सासूबाई म्हणाल्या. "भिंतींना गाद्या लावलेल्या आहेत. आतला आवाज बाहेर येत नाही."

"झालं तर मग!" फिटर म्हणाला. "दिवसभर तिथे आवाज गोळा करते, घरी आल्यावर भूक खवळते."

पहिल्या रविवारी तो कंपनीच्या टी-शर्टात आला. दुसऱ्या रविवारी टी-शर्टावर शाल होती. तिसऱ्या रविवारी नुसती शाल, आणि नाव नादमहाराज. शालीला उजव्या हाताजवळ बोटभर भोक होतं. भक्त म्हणत, वैराग्य!

सोमवारी सकाळी डॉक्टरीणबाईंनी सूनबाईच्या डाव्या कानात दुर्बीण घातली.

"पडदा फाटलाय. कोणत्या दारावर आपटलीस?"

दवाखान्यात अशा बायका रोज येत आणि सगळ्या दारावरच आपटलेल्या असत. सूनबाईने स्वतः त्यांच्या कागदांवर तसं लिहिलं होतं.

"दिवाणखान्याच्या," ती म्हणाली. मग म्हणाली, "नाही. नवऱ्याने मारलं. सिनेमा ऐकू यावा म्हणून."

डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण खाली ठेवली. सगळं ऐकून म्हणाल्या, "हा पडदा भरून येईल कदाचित. रविवारी उजवाही गेला तर या खुर्चीत तुला मी बसवू शकणार नाही. ज्याला ऐकू येत नाही तो दुसऱ्याचे कान काय तपासणार? आजच घर सोड."

"सोडते. पण मी पळाले तर ते म्हणणार, गिळणारी पळाली. खाली शिंप्याकडे तसलंच खोकं आलंय, आणि त्यांची सूनही गप्प असते. तिचा नंबर लागलाय, बाई. लोकांनी डायरीत लिहून घेतलंय."

"मग करणार काय?"

"तपासणी," सूनबाई म्हणाली.

मंगळवारी दुपारी घरात कुणी नव्हतं. तिने गाद्यांच्या खोलीत रोज करते तेच केलं. तिथे दोन्ही कान कधी एकदम तपासत नाहीत. एका वेळी एक कान. रिसीव्हरच्या रिमोटवर चाचणीचं बटण होतं. ते दाबल्यावर खोकं एकेका स्पीकरला पाळीपाळीने 'स्स्स' असा आवाज पाठवतं. डावा म्हणाला, स्स्स. मग पडद्यावर 'मधला' अशी अक्षरं आली आणि खोलीत चिडीचूप. मग उजवा, स्स्स. मागचे दोन, स्स्स, स्स्स. पुन्हा डावा. पुन्हा मधला, चिडीचूप.

ती खोक्याच्या मागे वाकली. चार जोड्यांत वायरी होत्या. पाचव्या जोडीच्या लाल-काळ्या भोकांत कोळ्याने जाळं विणलं होतं. सिनेमातलं जवळजवळ सगळं बोलणं याच भोकांतून बाहेर पडून कोळ्याच्या घरी जात होतं.

मग तिने रिमोटवरची बटणं एकेक दाबून पाहिली. 'साधा' म्हटलं की खोकं पाचही वाटे एकत्र करून समोरच्या दोन स्पीकरांत ओततं. बोलणं ऐकू येतं. 'सराउंड' म्हटलं की बोलणं पुन्हा कोळ्याकडे. एक बटण. थापड नाही, काही नाही.

संध्याकाळी तिने सासऱ्यांना सांगितलं, "बाबा, पाचवा स्पीकर नाही म्हणून..."

"नऊ किलो आहे ते!" सासरे ओरडले. "तुझं वजन किती गं? तू यंत्राला शिकवणार?" नवऱ्याने तिला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि ओट्यावर ढकललं. कोपराला खोक पडली. त्या घरात सांगून भागत नव्हतं. दाखवायला हवं होतं.

रविवार उजाडला. आज बासष्ट माणसं. मागच्या रांगेतले खुर्च्यांवर उभे. काहींनी हाताला तेल लावून आणलं होतं.

सूनबाई महाराजांपुढे हात जोडून म्हणाली, "महाराज, एक्कावन्न खायची माझी तयारी आहे. फक्त चारचौघांत नको. आतल्या खोलीत, पडद्याआड. आधी घरच्या मोठ्यांचा मान, म्हणून आई सुरुवात करतील."

महाराजांनी विचार केला. थपडेचा आवाज पडद्याआडूनही ऐकू येणार होता. "चालेल. मुखनादाला पडदा अडवत नाही."

आतल्या खोलीत सासूबाईंनी पायातली चप्पल काढून हातात घेतली. सूनबाईने पलंगावरची उशी उभी धरली.

"आई, पहिल्या दोन इथे मारा. आवाज नाही आला तर माझ्यावर चार."

"ही काय थेरं?"

"बाजारात आंबट-गोड बघायला तुम्ही एक फोड चाखता ना? तसं. आमच्याकडे कान तपासताना मधूनच आम्ही खोटं बटण दाबतो, आवाज सोडतच नाही. तरी 'ऐकू आलं' म्हणून ज्याचं बोट वर होतं तो ऐकत नसतो, आमच्या हाताकडे बघत असतो. एक फोड चाखा, आई."

सासूबाईंना हिशेब पटला. त्यांनी उशीला चप्पल हाणली. फटाक!

बाहेर टीव्हीतली नायिका लगेच म्हणाली, "मला या घरात एक क्षणही राहायचं नाही!"

सासूबाईंनी उशीकडे पाहिलं. सुनेकडे पाहिलं. पुन्हा हाणली. नायिका पुन्हा बोलली.

"उशीने गिळलाय होय गं मुखनाद?"

"तुम्ही मारत राहा," सूनबाई कुजबुजली. "थांबू नका. मी आलेच."

खोलीला दुसरं दार होतं, जिन्याकडे उघडणारं. सूनबाई तिथून बाहेर पडली, जिन्याच्या चौकातून वळून घराच्या मुख्य दाराने दिवाणखान्यात आली आणि गर्दीतून वाट काढत थेट महाराजांच्या शेजारी उभी राहिली.

आत फटाक. टीव्ही बोलला. महाराज डोळे मिटून डोलत होते. "घेतला! आणखी एक घाव, माई!"

फटाक. "सुटतोय! तिच्या आतड्यातून सुटतोय!"

बासष्ट माणसं महाराजांकडे बघत होती आणि त्यांच्या शेजारी धडधाकट उभ्या असलेल्या आतड्यांकडे बघत होती. आत सासूबाईंचा हात बसला होता, उशीचा कापूस पडद्याखालून बाहेर येऊ लागला.

"आता ती जमिनीवर पडली आहे," महाराज म्हणाले. "मला दिसतंय."

"कुठे पडलेय?" सूनबाईने विचारलं.

महाराजांनी डोळे उघडले. सूनबाईने त्यांच्या शालीच्या भोकापुढे हात आडवा धरला. आत पुन्हा फटाक झालं. महाराजांचा अंगठा सवयीने दबला. टीव्ही मुकाच राहिला. तिने हात काढला. अंगठा पुन्हा दबला. नायिका बोलली.

तिने शाल ओढली. त्यांच्या मुठीत रिमोट होता, भोकातून खोक्याकडे रोखलेला.

"याची गंमत एवढीच," ती म्हणाली. आवाज तिचा मुळात बारीक, पण खोलीत आज कुणी श्वाससुद्धा घेत नव्हतं. तिने चाचणी लावली. डावा, स्स्स. मधला, चिडीचूप. उजवा, स्स्स. "पाचवा स्पीकर घेतलाच नाही, सेटिंग मात्र पाचाचं. बोलणं सगळं पाचव्याला जातं, आणि पाचवा नाही. हे फिटरदादा बटण दाबून ते समोरच्या दोघांत आणत होते. थपडेच्या वेळेला दाबायचे. प्रत्येक थपडेला खोक्याच्या तोंडावरची निळी अक्षरं बदलत होती. पण खोक्याकडे कोण बघतंय? तुम्ही सगळे माझ्या गालाकडे बघत होता."

सासरे हळूच म्हणाले, "मधला नको असं मीच म्हटलं होतं."

मग जे झालं नाही ते झालं. बासष्ट माणसं मारायला आली होती, हातांना तेल होतं, नंबर लागलेले होते. ते हात रिकामे घरी कसे जाणार? पहिला गुद्दा खुर्चीवर उभ्या असलेल्याने मारला, तोही उडी मारून. महाराजांचा एक दात सोफ्याखाली गेला, दुसरा आजीबाईंच्या पिशवीत. सासऱ्यांनी नऊ किलोचं खोकं उपसलं आणि डोक्यावर धरलं. वायरींबरोबर स्पीकर ओढले गेले, एक खिडकीबाहेर निघाला. नवऱ्याचा गुद्दा महाराजांऐवजी बापाच्या चष्म्यावर बसला. "बडवा!" "याने आपल्याला फसवलं!" "माझा चौदावा नंबर होता, सरका!" महाराज जमिनीवर पालथे, तोंडातून रक्त, आणि त्यांच्या पाठीवर तेलकट चपला.

सूनबाई त्यांच्यावर आडवी झाली. एक लाथ तिच्या बरगडीत बसली.

"थांबा!" ती ओरडली. त्या घराने तिचा ओरडा पहिल्यांदाच ऐकला. "आता याला मारून काय ऐकू येणार आहे तुम्हाला?"

लाथा थांबल्या.

"हा खोटं बोलला. पोलिसांत द्या. पण याने मला एकदाही हात लावलेला नाही. एकदाही! हात तुमचे होते." ती नवऱ्याकडे वळली. "बत्तीस. तीन रविवार मिळून. मोजलेत मी. तुम्ही कधी एकदा तरी न मारता बघितलंत का, आवाज येतो की नाही? एवढं केलं असतं तरी पुरलं असतं."

नवरा म्हणाला, "पण मला काय माहीत..."

"माहीत नव्हतं ना? मग हात खिशात ठेवायचा. माहीत नसलं की माणसाने बघावं, विचारावं, तपासावं. मारायला माहिती लागत नाही, म्हणूनच सगळ्यांना ते आधी सुचतं."

पडद्यातून सासूबाई बाहेर आल्या. केसांत कापूस, हातात चप्पल. त्यांनी ती चप्पल बघितली, खाली ठेवली, आणि पायात घालायची त्यांना लाज वाटली असावी, कारण त्या दिवशी त्या पोलीस चौकीपर्यंत अनवाणी गेल्या.

चौकीत सगळ्यांनी मिळून काहीच झालं नसल्याचं लिहून दिलं. सूनबाईचा जबाब घ्यायचा राहिला, कारण जबाबाच्या कागदावर तिच्यासाठी जागा उरली नव्हती. ती तिथूनच बॅग घेऊन दवाखान्यामागच्या खोलीत राहायला गेली. उजवा कान शाबूत आहे. शिंप्याची सून दुसऱ्या दिवशी तिच्याकडे कान तपासून घ्यायला आली. दोन्ही ठणठणीत निघाले. रिसीव्हर बनवणाऱ्या कंपनीला सूनबाईने त्याच आठवड्यात रजिस्टर्ड पोस्टाने अर्ज केला. त्याची नक्कल अशी:

'प्रति, मा. मुख्य अभियंता, माहितीपुस्तिका विभाग.

विषय: आवाज न आल्यास घरातील व्यक्तीस न मारण्याबाबत छापील सूचना देणेबाबत.

महोदय, आपल्या पुस्तिकेत पान ४१ वर "आवाज येत नसल्यास" या तक्त्यात एकूण नऊ उपाय दिले आहेत. त्यांत सुनेचा उल्लेख कोठेही नाही. त्यामुळे ग्राहकांचा गैरसमज होतो की तो उपाय छापायचा राहून गेला असावा. तरी खालील मजकूर दहाव्या क्रमांकावर, सर्व भाषांत, लाल शाईत घालण्यात यावा:

"सून हा या यंत्राचा भाग नाही. तिला मारल्याने कोणत्याही वाहिनीचा आवाज वाढत नाही. प्रथम वायर पाहावी, नंतर सेटिंग पाहावे, तरीही न कळल्यास ज्याला कळते त्यास विचारावे. चमत्कार दिसल्यास तो न मारता पुन्हा एकदा करून पाहावा."

तसेच यापूर्वी विकल्या गेलेल्या सर्व यंत्रांच्या घरी कंपनीने प्रतिनिधी पाठवून वरील मजकूर घरातील प्रत्येक सज्ञान व्यक्तीकडून मोठ्याने वाचून घ्यावा, वाचताना त्याचे दोन्ही हात त्याच्या स्वतःच्या खिशात असल्याची खात्री करावी, आणि तसा अहवाल तीस दिवसांच्या आत अर्जदारास उजव्या कानाच्या बाजूने कळवावा, ही नम्र विनंती.'